दहा हजार भरले की सुटलो?

रात्री पावणेबाराला दाजींचा फोन आला तेव्हाच कळलं काहीतरी गडबड आहे, कारण दाजी म्हणजे साडेदहाला झोपणारा माणूस. मागून गाड्यांचे आवाज, कुणाची तरी शिट्टी. "अरे, धरलंय मला. ट्रॅफिकच्या मामांनी बाजूला घेतलं आणि नळीत फुंकायला लावलं." मी विचारलं रीडिंग किती आलं. म्हणाले, "बासष्ट. हे शंभरपैकी असतं का?"

आता मी वकील आहे खरा, पण माझं सगळं आयुष्य सातबारा, खरेदीखत आणि हक्कसोडपत्रात गेलंय, फौजदारीत माझा हात नाही. पण घरच्यांना त्याचं काही नसतं, काळा कोट दिसला की सगळे फोन तिकडेच येतात. मग वाचावंच लागलं, दोन फौजदारीवाल्या मित्रांचं डोकं खावं लागलं, आणि त्यातून जे समजलं ते इथे लिहितोय, कारण दाजींइतकेच अंधारात असलेले लोक मला रोज दिसतात. सगळ्यांचा एकच समज, दारू पिऊन गाडी चालवताना सापडलो तर दहा हजार भरले की विषय संपला.

तर ते बासष्ट. शंभरपैकीच असतं, पण मार्क नाहीत ते. १०० मिली रक्तात ६२ मिलीग्रॅम दारू, असा त्याचा अर्थ. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १८५, त्यात मर्यादा दिलीय ३० मिलीग्रॅमची. मशीन श्वासावरून रक्तातलं प्रमाण काढतं. ३० म्हणजे किती हे कुणाला पटकन कळत नाही म्हणून एक ढोबळ हिशोब सांगतो. आपल्याकडच्या व्हिस्की-रमच्या बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. ६० मिलीचा एक लार्ज घेतला तर त्यात साधारण २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल जातं. सत्तर किलोच्या पुरुषात तेवढं गेलं की आकडा चाळीसच्या पुढे जातो, म्हणजे एकाच लार्जमध्ये मर्यादा पार. स्ट्रॉंग बिअरची ६५० ची बाटली तर त्याच्या दुप्पट. बाईमाणूस असेल किंवा वजन कमी असेल तर आकडा अजून वर. आणि शरीर हा आकडा तासाला साधारण १५ ने खाली आणतं, मग तुम्ही कॉफी प्या, लिंबू चावा, थंड पाण्याने आंघोळ करा, वेग काही बदलत नाही. रात्री नऊ ते एक पाच लार्ज मारून झोपलेला माणूस सकाळी सातला एअरपोर्टला निघाला तर त्याच्या अंगात अजून साठच्या आसपास शिल्लक असू शकते, आणि त्याला वाटतं आपण झोप काढलीय, फ्रेश आहोत. दाजींनी ऑफिसातल्या मित्राच्या रिटायरमेंटच्या पार्टीत दोनच घेतले होते. दोनच. लार्ज.

फुंकायला नकार दिला तर? हा प्रश्न मला हमखास विचारतात, जणू काही ती हुशारी आहे. नकार द्यायचा अधिकार वगैरे भानगड नाही. कलम २०५ म्हणतं की सबळ कारण नसताना श्वासाचा किंवा रक्ताचा नमुना द्यायला नकार दिला, तर तो नकारच तुमच्या विरोधातल्या पुराव्याला बळ देणारी गोष्ट धरता येतो. शिवाय कलम २०२ खाली युनिफॉर्ममधला पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतो. मात्र त्यातच एक आपल्या बाजूची अटही आहे जी फारशी कुणाला माहीत नसते, अटक केली तर दोन तासांच्या आत रजिस्टर्ड डॉक्टरकडून तपासणी झाली पाहिजे, नाहीतर सोडून द्यावं लागतं. आणि नुकताच माऊथवॉश केलाय किंवा खोकल्याचं औषध घेतलंय म्हणून मशीनने जास्त दाखवलं असं खरंच वाटत असेल तर शांतपणे सांगा आणि पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा टेस्ट घ्यायला सांगा, कायद्यातच 'एक किंवा अधिक नमुने' असं लिहिलंय. तोंडातली दारू तेवढ्या वेळात उडते, पोटातली नाही.

हा गुन्हा जामीनपात्र आहे, त्यामुळे नुसतं दारू पिऊन चालवताना सापडलं, कुणाला धक्का नाही, अपघात नाही, तर त्या रात्री कोठडीत कुजायची वेळ सहसा येत नाही. दाजींचं लायसन्स घेतलं, गाडी ठेवून घेतली, हातात कागद दिला आणि कोर्टात यायला सांगितलं. मी रिक्षाने जाऊन त्यांना घेऊन आलो. रस्त्यात त्यांचं एकच पालुपद, "ऑनलाईन भरता येतील ना रे? त्या चलनाच्या ॲपवर?"

नाही येत. आणि इथेच लोकांची पहिली फसगत होते. सिग्नल तोडला, हेल्मेट नाही, यांचं चलन जागेवर किंवा मोबाईलवर भरता येतं कारण कलम २०० खाली ते तडजोडीने मिटवता येणारे गुन्हे आहेत. १८५ त्या यादीतच नाही. म्हणजे तो दंड पोलीस घेऊ शकत नाही, ॲप घेऊ शकत नाही, फक्त मॅजिस्ट्रेट शिक्षा म्हणून सुनावू शकतो. (जागेवर 'मिटवून टाकू' म्हणणारा कुणी भेटला तर ते काय आहे हे मी वेगळं सांगायला नको.)

शिक्षा किती? पहिल्यांदा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा १०,००० दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा १५,०००, किंवा दोन्ही. हे आकडे १ सप्टेंबर २०१९ पासूनच्या दुरुस्तीचे, त्याआधी पहिल्या वेळी दोन हजारांपर्यंत दंड होता. अजून एक बारीक बदल झाला तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. आधी दुसरा गुन्हा तीन वर्षांच्या आत घडला तरच तो 'दुसरा' धरला जायचा. ती तीन वर्षांची अट काढून टाकली. म्हणजे तिशीत सापडलात आणि पन्नाशीत परत सापडलात तरी तो दुसराच.

कोर्टात दाजींबरोबर मीच गेलो. बाहेरच्या बाकावर दहा-बाराजण, बहुतेक पंचविशीतले, एकजण डिलिव्हरीवाला टी-शर्ट घालून आलेला, त्याचा दिवसाचा धंदा बुडालेला दिसत होता चेहऱ्यावर. एका पोराची आई आली होती, ती पदराच्या टोकाला गाठ मारून सोडत बसलेली. सगळ्यांच्या हातात तोच कागद. पुकारा झाला की आत जायचं, गुन्हा कबूल आहे का विचारतात, आहे म्हणायचं, दंड सुनावतात, खिडकीवर भरायचा, पावती घ्यायची. दाजींचा नंबर लागल्यापासून पावतीपर्यंत सगळं मिळून पाऊण तास, त्यातला अर्धा तास खिडकीवरच्या रांगेत. बाहेर येऊन दाजी म्हणाले, "झालं की. उगाच घाबरवत होतास."

मी म्हटलं, दाजी, तुम्ही आत्ता गुन्हेगार ठरून बाहेर आलात. त्यांना ते लागलं. पण खरं तेच आहे. गुन्हा कबूल करून भरलेला दंड म्हणजे फी नाही, ती दोषसिद्धी आहे, आणि तिची नोंद राहते.

बऱ्याच ठिकाणी दंडासोबत 'कोर्ट उठेपर्यंत' कैद सुनावतात. म्हणजे संध्याकाळी कोर्टाचं काम संपेपर्यंत तिथेच बसायचं. ऐकायला गंमत वाटते, कागदावर मात्र ती कैदच असते.

आता जेलच्या ऐवजी काय, हा मुद्दा. लोकांना वाटतं समाजसेवा वगैरे हे अमेरिकेतलं फॅड आपल्याकडे हल्ली आलंय. अजिबात नाही. आपल्याकडे १९५८ चा परिवीक्षा कायदा आहे, कोर्टात सगळे त्याला प्रोबेशनच म्हणतात. त्याच्या कलम ३ खाली ठराविक छोट्या गुन्ह्यांत नुसती समज देऊन सोडता येतं, कलम ४ खाली शिक्षा न सुनावता चांगल्या वागणुकीच्या बाँडवर सोडता येतं, जास्तीत जास्त तीन वर्षं, प्रोबेशन ऑफिसरच्या देखरेखीखाली. आणि या बाँडमध्ये कोर्ट कोणत्या अटी घालू शकतं याची उदाहरणं देताना कायदा काय म्हणतो माहितीय? राहण्याचं ठिकाण, आणि मादक पदार्थांपासून दूर राहणं. १९५८ साली लिहून ठेवलंय हे. म्हणजे एखाद्या माणसाचा खरा प्रॉब्लेम दारूच असेल तर त्याला सहा महिने आत टाकण्यापेक्षा 'तीन वर्षं प्यायची नाही, उपचार घ्यायचे, ऑफिसरला भेटायचं, मोडलंस तर शिक्षा उभी आहेच' असं बांधून घालायची सोय कायद्यात पूर्ण आहे. एकविसाच्या आतला मुलगा असेल तर कलम ६ म्हणतं की जेलमध्ये पाठवायचं असेल तर का पाठवतोय त्याची कारणं लिहा.

आणि तरी माझ्या समोर त्या दिवशी त्या बाकावरच्या एकालाही कुणी विचारलं नाही की बाबा, तू रोज पितोस का. दाजी वर्षातून चारदा घेतात, त्यांच्या शेजारी बसलेल्या माणसाचे हात सकाळी अकराला थरथरत होते. दोघांना तेच, दंड भरा. मला यातच सगळी गोची दिसते. दाजींना दंड पुरेसा होता, त्या माणसाला तो दंड म्हणजे एका महिन्याचं घरचं रेशन, आणि त्याची बाटली तशीच राहणार. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून आहे, कोर्टापासून तिथपर्यंत रिक्षा जाते, फक्त पाठवणारं कुणी नाही.

अजून एक विनोद बघा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि तिच्यात पहिल्यांदा 'सामुदायिक सेवा' ही रीतसर शिक्षा म्हणून घातली. कशासाठी? पाच हजारांच्या आतली पहिली चोरी, बदनामी, अशा मोजक्याच गुन्ह्यांना. त्यात एक कलम ३५५, दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी दंगा करणाऱ्याला. म्हणजे चौकात झिंगून पायी गोंधळ घातला तर कायद्याने सामुदायिक सेवा मिळू शकते, पण तोच माणूस गाडीत बसला तर १८५ मध्ये शिक्षा म्हणून ती लिहिलेलीच नाही, तिथे कैद आणि दंड एवढंच. मग कोर्टं ती मागच्या दाराने आणतात, कधी प्रोबेशनची अट म्हणून, कधी जामिनाची अट म्हणून.

जामिनाचं उदाहरण मुंबईतलंच. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टाने दारू पिऊन गाडी चालवल्याचा आणि पोलिसांच्या नाकाबंदीत गाडी घुसवल्याचा आरोप असलेल्या एका तरुणाला जामीन दिला, आणि अट घातली की तीन महिने शनिवार-रविवार वरळी नाक्याच्या सिग्नलजवळ 'दारू पिऊन गाडी चालवू नका' असा फलक हातात धरून उभं राहायचं. दोन महिने आत राहून आलेला, शिकलेला, नोकरीतला मुलगा. काही जण हसले या अटीला. मला नाही हसू आलं, वरळी नाक्याला शनिवारी संध्याकाळी कोण कोण सिग्नलला थांबतं आणि काच खाली करून बघतं याचा विचार केला की पोटात गोळा येतो. हैदराबादमध्ये वेगळी पद्धत, तिथे ट्रॅफिक पोलीस आधी ट्रेनिंग सेंटरमध्ये समुपदेशनाला बोलवतात आणि घरच्यांपैकी कुणाला तरी बरोबर आणायला लावतात. बायको किंवा बाप शेजारच्या खुर्चीत, ही शिक्षा कायद्याच्या पुस्तकात नाही पण लागते जबर.

आता इथे एक रेघ मारायला हवी. वरचं सगळं कुणाचा जीव गेला नाही तेव्हाचं. कुणी मेलं की १८५ बाजूला पडतं आणि गोष्ट न्याय संहितेत जाते. कलम १०६, निष्काळजीपणाने मृत्यू, पाच वर्षांपर्यंत. आणि पोलिसांनी व कोर्टाने मानलं की या माणसाला असं होऊ शकतं याची जाणीव होती, तर कलम १०५, सदोष मनुष्यवध, तिथे दहा वर्षं आणि जामीनही आपोआप नाही. हा जाणिवेचा मुद्दा पक्का झाला तो वांद्र्याच्या कार्टर रोडच्या केसमध्ये. नोव्हेंबर २००६ मध्ये फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर ॲलिस्टर परेराची गाडी गेली, सात मेले. खालच्या कोर्टाने निष्काळजीपणा धरून सहा महिने दिले, लोक संतापले, हायकोर्टाने सदोष मनुष्यवध धरून तीन वर्षं केली आणि २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम ठेवली. त्याच वर्षी दिल्लीच्या संजीव नंदा केसचा निकाल आला. १९९९ मध्ये त्याच्या गाडीखाली सहा जण मेले होते. सुप्रीम कोर्टाने सदोष मनुष्यवधच धरला, पण भोगलेल्या दोन वर्षांवर अजून जेल वाढवली नाही, त्याऐवजी ५० लाख भरायला लावले, ज्या अपघातात गाडीवाला सापडतच नाही त्यातल्या लोकांच्या भरपाईसाठी, आणि दोन वर्षं सामुदायिक सेवा. मला हा निकाल आजही अर्धा पटतो, अर्धा नाही. पैसे कुठे जावेत हे सुरेख शोधलं, पण ५० लाख ज्याच्याकडे नाहीत त्याला हा पर्याय कुठला?

आणि मग कल्याणीनगर. १९ मे २०२४, दोन तरुण इंजिनियर गेले, गाडी चालवणारा सतरा वर्षांचा, आणि पहिल्याच दिवशी बाल न्याय मंडळाच्या जामिनात ३०० शब्दांचा निबंध. पंधरा दिवस ट्रॅफिक पोलिसांबरोबर काम आणि समुपदेशन याही अटी होत्या, पण लक्षात राहिला तो निबंध. त्यानंतर रक्ताचा नमुना बदलल्याचा आरोप, डॉक्टरांना अटक, सगळं आपण बघितलंच. त्या निबंधाने एक वाईट गोष्ट केली, 'जेलऐवजी दुसरं काहीतरी' हा शब्दच आपल्याकडे शिवी झाला. आता कुठलाही मॅजिस्ट्रेट साध्या केसमध्येसुद्धा प्रोबेशन देताना दहा वेळा विचार करेल, की उद्या माझ्या नावाने मीम फिरतील. मरणाच्या केसमध्ये प्रोबेशन देऊ नये हे सुप्रीम कोर्टाने २००० सालीच दलबीर सिंग केसमध्ये सांगितलंय, तो वाद तिथेच संपला होता. ज्या बाकावर कुणी मेलेलं नाही तिथलं बोलायला हवं होतं आणि ते राहूनच गेलं.

बाहेर काय करतात ते थोडक्यात. इंग्लंडमध्ये दोषी ठरलात की किमान बारा महिने लायसन्स गेलंच, पण कोर्टाने सांगितलेला कोर्स पूर्ण केला तर त्यातला पाव हिस्सा कमी होऊ शकतो. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत गाडीलाच फुंकायचं यंत्र बसवतात, फुंकल्याशिवाय इंजिन सुरूच होत नाही. साऊथ डकोटात २००५ पासून अजून एक पद्धत, परत परत सापडणाऱ्यांनी रोज सकाळ-संध्याकाळ येऊन टेस्ट द्यायची, पिऊन आलास तर लगेच, त्याच दिवशी आत, पण एखाद-दोन दिवसच. मला हे जाम आवडलं. आपल्याकडे उलटं आहे, शिक्षा सहा महिन्यांची पण लागेल की नाही कुणास ठाऊक.

आता दाजींचं पुढचं. पावती खिशात घालून ते महिनाभर खूश होते. मग आरटीओची नोटीस आली. पोलिसांनी जप्त केलेलं लायसन्स कलम २०६ खाली तिकडे जातं आणि कलम १९ खाली, तुमचं म्हणणं ऐकून, पहिल्या वेळी तीन महिने अपात्र ठरवता येतं, पुढच्या वेळी लायसन्स रद्दच. तीन महिने संपले तरी रिफ्रेशर कोर्स केल्याशिवाय परत मिळत नाही. दाजींचं ऑफिस चाकणला, घर कोथरूडला. पीएमपीच्या बसमध्ये उभं राहून त्यांनी तीन महिने काढले आणि दंडापेक्षा हेच जास्त लागलं असं स्वतः म्हणाले.

इन्शुरन्सचंही असंच. पिऊन स्वतःची गाडी ठोकली तर स्वतःच्या गाडीचा क्लेम नाकारता येतो, आणि २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ब्रेथ टेस्ट झाली नसली तरी इतर पुराव्यावरून कंपनी हे सिद्ध करू शकते. समोरच्याला इजा झाली असेल तर त्याला बऱ्याचदा कंपनी देते आणि मग तुमच्याकडून वसूल करते. आणि हो, 'तू चालव रे, तू कमी घेतलीयस' म्हणून किल्ली हातात देणारा मित्र, कलम १८८ खाली त्यालाही तीच शिक्षा होऊ शकते. हे दाजींना सांगितल्यावर ते गप्प झाले, कारण किल्ली त्यांची त्यांनीच घेतली होती पण पाठीवर थाप मारणारे चार जण होते.

मला वाटलं झालं एकदाचं. तर गेल्या रविवारी परत फोन. भाची टेक्सासला असते, तिचं बाळंतपण आहे, ताई आणि दाजी दोघांना जायचंय, व्हिसाचा डीएस-१६० फॉर्म भरायला बसलेले. "अरे, इथे विचारलंय की कधी अटक झाली होती का, कुठल्या गुन्ह्यात दोषी ठरलात का. आपण तर नुसता दंड भरला होता. नो करू ना?"

मी म्हटलं, दाजी, येस करा. खोटं लिहिलंत तर ते त्या बासष्टपेक्षा महाग पडेल. गेल्या पाच वर्षांत दारूशी संबंधित अटक किंवा दोषसिद्धी असेल तर व्हिसावाले आधी त्यांच्या ठरलेल्या डॉक्टरकडे तपासणीला पाठवतात, त्याला वेळ लागतो, तारीख लवकरची घ्या, आणि उद्या सकाळी कोर्टात जाऊन निकालाच्या सर्टिफाईड कॉपीसाठी अर्ज टाका.

पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग लांबून ताईचा, "काय म्हणतोय तो?"

"काही नाही. उद्या अकराला कोर्टात जायचंय म्हणतो. परत."